बाजार पडतोय आणि आम्ही दोघं आत्ता कुठे शिकतोय, ३ लाखांचं काय करावं?

रानजाई | १ मार्च २०२५

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे. मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे आणि नवरा अंबडला एका छोट्या कंपनीत, तिथे इलेक्ट्रिकल पॅनेलला लागणारे पार्ट बनतात. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी तिसरीत. आजवर आमची गुंतवणूक म्हणजे एफडी, एलआयसी, माझी भिशी आणि सासूबाईंच्या नियमाप्रमाणे गुरुपुष्याला जमेल तेवढं सोनं. गेल्या वर्षी गणपतीत याच्या कॅन्टीनमध्ये सगळे शेअरचंच बोलायचे, तेव्हा मी नको म्हटलं होतं. मग बाजार पडायला लागला तर हा म्हणे आता स्वस्तात मिळतंय, आता तरी चल, म्हणून डिसेंबरात दोघांनी आपापलं डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडलं.

मी निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा) ५ हजारांची एसआयपी लावली, म्हणजे दर महिन्याला तेवढे जातात. नवऱ्याने एका स्मॉलकॅप, म्हणजे बाजारमूल्याने छोट्या, कंपनीचे शेअर घेतले, ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलमधली कंपनी आहे, नाव देत नाही. ती त्याच्या खरेदीभावापासून ३० टक्के तरी खाली आलीय आणि काल तर निफ्टी ४०० अंकांच्या वर पडून २२,१२४ ला बंद झाला, सेन्सेक्स १,४०० अंकांनी पडला. टीव्हीवर सांगत होते की सलग पाच महिने बाजार खाली जायची ही १९९६ नंतरची पहिली वेळ. आम्ही काय मुहूर्त काढलाय बघा.

तर प्रश्न असा की या महिन्यात त्याच्या नावची ३ लाखांची एफडी सुटतेय. त्याचं म्हणणं निम्मे पैसे त्याच शेअरमध्ये टाकून, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली आणून, अ‍ॅव्हरेज करू आणि निम्मे माझ्या डीमॅटमध्ये टाकू म्हणजे टॅक्स वाचेल. माझं म्हणणं एफडी परत करू, बाजार थांबला की बघू. दोन आठवडे जेवताना हाच विषय चाललाय. एसआयपी पण थांबवावी का? मैत्रिणीने थांबवली.

---

बेरकी | १ मार्च

एफडी रिन्यू करा, विषय संपला. धागा बंद करा. (दिवा घ्या)

---

कडक_चहा | १ मार्च

जागा पकडून बसतोय. आमच्या घरी पण हेच चाललंय फक्त उलटं, बायको घ्या म्हणते आणि मी नको म्हणतो.

---

दादरचे काका | १ मार्च

रानजाई, पहिलं अभिनंदन की बाजार वर असताना नको म्हणालीस. आता मी ज्येष्ठ नागरिक म्हणून थोडं लांबण लावतो.

एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स साडेचार हजाराच्या जवळ गेला होता, हर्षद मेहताचे दिवस. आमच्या बँकेत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे फॉर्म भरायचे. त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तोच सेन्सेक्स तीन हजाराच्या खाली होता. अकरा वर्षं! मधे २००१ ला यूटीआयच्या यूएस-६४ योजनेची खरेदी-विक्री थांबवली तेव्हा रिटायर्ड लोकांची काय अवस्था झाली ते आठवत असेल ज्यांना आठवायचं त्यांना. मग २००८. जानेवारीत २१ हजार आणि ऑक्टोबरात आठ हजाराच्या खाली. तेव्हा सगळे म्हणाले आता परत अकरा वर्षं, आणि २०१० च्या दिवाळीत परत २१ हजार. कोविडला तर २३ मार्च २०२० या एका दिवसात १३ टक्के पडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जुन्या उंचीच्या पुढे गेला.

म्हणजे काय तर कधी अकरा वर्षं, कधी पावणेतीन, कधी दहा महिने. हे आधी कोणालाही कळलेलं नाही, टीव्हीवरच्या सुटाबुटातल्यांना तर नाहीच. तेव्हा "बाजार थांबला की बघू" हे वाक्य मागे घे. थांबलाय हे कळायला तो बराच वर जावा लागतो. आणि ३ लाखातले जे तुम्हाला पाच-सात वर्षांत लागणार आहेत ते यात आणूच नका.

अवांतर: एफडी कुठे आहे? पतसंस्थेत असेल तर तिला बँकेसारखा ५ लाखांचा विमा नसतो, तुला हे माहीत असणारच.

---

रानजाई | १ मार्च

काका, धन्यवाद. एफडी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. विमा नसतो हे मी स्वतः सभासदांना सांगते आणि मग साहेब माझ्याकडे बघतात 😄

---

लेखापाल | २ मार्च

"पत्नीच्या डीमॅटमध्ये टाकू म्हणजे टॅक्स वाचेल" यावर बोलतो कारण हे दर मार्चमध्ये दहा लोक विचारतात.

वाचणार नाही. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्या भेटीवर कर नाही हे खरं, पण त्या पैशातून जे उत्पन्न होईल, व्याज, डिव्हिडंड, शेअर विकून झालेला नफा, ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ६४, क्लबिंग म्हणतात. बायको नवऱ्याला देईल तरी तेच. त्या उत्पन्नावर पुढे जे मिळेल ते मात्र बायकोचं.

तुम्ही दोघं कमावते आहात तर सरळ रस्ता असा की घरखर्च, शाळेची फी, किराणा हे जास्तीत जास्त त्यांच्या पगारातून जाऊ द्या आणि तुमच्या पगारातून तुमच्या नावावर गुंतवणूक करा. तो पैसा मुळात तुमचाच, तिथे क्लबिंगचा प्रश्न नाही. मग दोघांना आपापली सव्वा लाखाची सूट मिळते. म्हणजे शेअर किंवा इक्विटी फंड वर्षाच्या वर ठेवून विकले तर वर्षाला १.२५ लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत, जुने व्हिडिओ बघून १० आणि १५ धरू नका.

एफडी त्यांची आहे तर त्यांच्याच नावाने गुंतवा, तुम्ही नॉमिनी. आणि दोघांच्या खात्यांचे पासवर्ड आणि कागद कुठे आहेत हे दोघांना माहीत हवं. माझ्याकडे येणाऱ्या विधवा बायकांपैकी निम्म्यांना नवऱ्याचं डीमॅट कुठे आहे हेच ठाऊक नसतं. विषय कडू आहे पण बोलून ठेवा.

---

बेरकी | २ मार्च

घराचं कर्ज आहे ना? ३ लाख तिकडे भरा. पावणेनऊ-नऊ टक्के व्याज असेल, तेवढं वाचणं म्हणजे तेवढं बिनजोखमीचं मिळणं. निफ्टी देईल का गॅरंटीने नऊ? मघाशी गंमत केली, हे सिरियसली बोलतोय.

---

टपरीवरचा गणिती | २ मार्च

बेरकी बरोबर बोलतोय हे लिहिताना हात थरथरतायत पण बरोबरच बोलतोय. फक्त एक, कर्जात भरलेला पैसा परत हातात येत नाही. कंपनीत कामगार कपात झाली आणि सहा महिने पगार नाही अशी वेळ आली तर बँक म्हणत नाही की तुम्ही मागे जास्त भरलेत, आता हप्ता नको. म्हणून आधी दोघांचा मिळून सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते बाजूला हवेत, एफडीतच, कंटाळवाण्या एफडीत. आरबीआयने ७ फेब्रुवारीला रेपो (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) पाव टक्का कमी केलाय, सव्वासहा झालाय, तेव्हा फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, कर्जाचं व्याज थोडं उतरेल, त्यावर पण लक्ष ठेवा.

आता एसआयपी. एसआयपी थांबवू नका, आणि हे मी फंडवाल्यांसारखं छाती बडवून सांगत नाहीये. जानेवारीत जितक्या नवीन एसआयपी सुरू झाल्या त्यापेक्षा जास्त बंद पडल्या हे खरं आहे, त्यात मुदत संपलेल्या पण धरल्यात, तरी घबराट आहेच. पण तुमची एसआयपी सुरूच डिसेंबरात झाली. दोन-तीन हप्ते गेलेत, पुढचे शेकड्याने जायचेत, तर भाव आत्ता पडलेले बरे की हप्ते संपताना? आत्ता पडले तर त्याच ५ हजारात जास्त युनिट. एवढंच. यात जादू नाही, आणि ज्याला पुढच्या वर्षी पैसे काढायचेत त्याला हा हिशोब लागू पण नाही.

निफ्टी सप्टेंबरच्या २६,२७७ पासून साधारण १६ टक्के खाली आलाय. पी-ई म्हणजे कमाईच्या किती पट भाव, तो तेव्हा २४ च्या आसपास होता, आता २० च्या आसपास. लोक म्हणतात २०१७-१८ ला पी-ई २५-२६ होता म्हणजे आता फारच स्वस्त. तसं नसतं. २०२१ च्या मार्च अखेरपर्यंत एनएसई निफ्टीचा पी-ई उपकंपन्या सोडून काढायचं, नंतर एकत्रित कमाईवर काढायला लागलं, त्यामुळे जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून तुलना करणं चूक. आत्ता महागही नाही फार स्वस्तही नाही, मी एवढंच म्हणेन. स्मॉलकॅप मात्र जास्त फुगलेले होते आणि जास्त आपटलेत, नवऱ्याचा शेअर एकटा पडलेला नाहीये.

आणि हो, फंड डायरेक्ट प्लॅनचा आहे ना? रेग्युलरमध्ये दरवर्षी एजंटचं कमिशन कापलं जातं. स्टेटमेंटवर फंडाच्या नावात लिहिलेलं असतं, बघा.

---

ओसाकाकर | ३ मार्च

सगळे "शेवटी वर जातोच" च्या सुरात चाललेत म्हणून इकडची गोष्ट सांगतो. जपानचा निक्केई १९८९ च्या डिसेंबरात ३८,९१५ होता. तो आकडा परत कधी ओलांडला? फेब्रुवारी २०२४. चौतीस वर्षं. मधे २००९ ला सात हजारांपर्यंत गेला होता. माझ्या ऑफिसातले साठीचे जपानी लोक शेअर म्हटलं की अजून नाक मुरडतात, पैसा पोस्टात ठेवतात. तेव्हा दादरच्या काकांची अकरा वर्षं ही काही वरची मर्यादा नाही.

---

टपरीवरचा गणिती | ३ मार्च

ओसाकाकर, मान्य, पण पूर्ण सांगा ना राव. १९८९ ला निक्केईचा पी-ई ६० च्या आसपास होता आणि टोकियोतल्या जमिनींचे भाव काय होते ते तुम्हाला माहीत आहे. आणि ज्याने एकदम १९८९ च्या डिसेंबरातच सगळे घातले त्याची ती चौतीस वर्षं, दर महिन्याला थोडे घालत गेला त्याची नाही. तरी तुमचा मुद्दा राहतोच, सगळा पैसा एका देशाच्या शेअरात नको.

---

रानजाई | ४ मार्च

सगळ्यांचे आभार. क्लबिंगचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला हे तुला कोणी सांगितलं, मी म्हटलं इंटरनेटवरच्या काकांनी 😄 आता तोच लिहितोय, वेगळा आयडी काढलाय.

---

पॅनेलवाला | ४ मार्च

मीच तो नवरा. सगळे मला सट्टेबाज समजताय असं दिसतंय. मी टिप घेऊन शेअर घेतलेला नाही. ती कंपनी आमचं गिऱ्हाईक आहे, आमचे पार्ट त्यांच्याकडे जातात, त्यांच्या ऑर्डरी किती आहेत ते मी रोज डिस्पॅचला बघतो, तीन शिफ्ट चालतात. देशात वीज, सोलर, डेटा सेंटर सगळीकडे ट्रान्सफॉर्मर लागतायत, मिळत नाहीयेत. कंपनी तीच, काम वाढतंय आणि भाव मात्र ३० टक्के कमी, मग जास्त घ्यायला काय हरकत आहे? अ‍ॅव्हरेज करू नका असं सगळे म्हणतात पण कारण कोणी सांगत नाही. आणि इंडेक्समध्ये आमच्यासारख्याला काय मजा, बारा टक्क्यांत कोण श्रीमंत झालंय.

आमचा एक मित्र तर म्हणतो शेअर सोड, ऑप्शन कर, पडत्या बाजारात पुट घे, भाव पडला की त्यात फायदा.

---

दादरचे काका | ४ मार्च

बाळा, ऑप्शनचं नाव या धाग्यावर परत काढू नकोस. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच गेल्या सप्टेंबरात आकडे दिलेत, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १ कोटीहून जास्त साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुझा मित्र उरलेल्या सातात आहे का विचार, आणि कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरची सौद्याची पावती) दाखव म्हणावं.

---

टपरीवरचा गणिती | ४ मार्च

स्वागत पॅनेलवाले. तुमचा मुद्दा कच्चा नाहीये, धंदा ओळखून शेअर घेणारे इथे फार थोडे असतील. अ‍ॅव्हरेज का नको याचं उत्तर असं की अ‍ॅव्हरेज करताना माणूस कंपनीकडे बघत नाही, आपल्या खरेदीभावाकडे बघतो. तुम्ही किती रुपयाला घेतला हे कंपनीला माहीत नाही, बाजाराला माहीत नाही. आज तुमच्याकडे एकही शेअर नसता आणि हातात दीड लाख असते तर तुम्ही सगळे याच कंपनीत घातले असते का? हो असेल तर घ्या. येस बँक २०१८ ला ४०० च्या आसपास होता, ३०० ला स्वस्त वाटला, २०० ला वाटला, ५० ला तर फारच. डीएचएफएलच्या शेअरधारकांना तर शेवटी शून्य मिळालं, तिथे पण खालपर्यंत अ‍ॅव्हरेज करणारे होते.

आता एक विचारतो. ती कंपनी तुमच्या कंपनीचे पैसे किती दिवसांनी देते?

---

पॅनेलवाला | ५ मार्च

आधी ६० दिवसांत यायचे. आता १२० च्या पुढे गेलेत, आमचे शेठ रोज फोन करतात. पण ते सगळेच मोठे तसं करतात.

---

टपरीवरचा गणिती | ५ मार्च

रानजाई, हे वाचलंत का?

---

रानजाई | ५ मार्च

वाचलं. आणि माझ्या मनात तेच आलं जे पतसंस्थेत फाईल उघडताना येतं. हे मला दोन महिने घरात माहीत नव्हतं, तो ऑर्डरीच सांगायचा फक्त. ताळेबंद कुठे मिळतो तेवढं सांगा, मी बघते.

---

लेखापाल | ५ मार्च

बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर वार्षिक अहवाल असतात, फुकट. कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्यांसकट, घ्या. सुरुवातीची रंगीत पानं, चेअरमनचा संदेश सोडून द्या, थेट कॅश फ्लो स्टेटमेंट, रोकड किती आली-गेली ते. त्यानंतर नोट्समध्ये ट्रेड रिसिव्हेबल्स (गिऱ्हाईकांकडून येणं) आणि ट्रेड पेयेबल्स (पुरवठादारांची देणी). २०२१-२२ पासून यांचं वयानुसार कोष्टक देणं सक्तीचं आहे, सहा महिन्यांच्या आत किती, वर्षाच्या वर किती, सगळं. लघुउद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात. आणि शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये प्रमोटरचे (कंपनीच्या मालक मंडळींचे) किती शेअर गहाण आहेत ते.

अवांतर, पॅनेलवाले: तुमचे शेठ सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेले उत्पादक असतील तर करार असल्यास ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर गिऱ्हाईकाला तो खर्च त्या वर्षी करासाठी धरता येत नाही, कलम ४३बी(एच). शेठना सांगा.

आणि एक जपून. गिऱ्हाईकाच्या आतल्या, बाहेर न आलेल्या बातमीवर खरेदी-विक्री करणं हा इनसायडर ट्रेडिंगचा विषय होऊ शकतो. "अमुक मोठी ऑर्डर मिळालीय, उद्या जाहीर होणार" असलं काही कानावर आलं तर हात लावू नका आणि इथे तर लिहूच नका.

---

रानजाई | ९ मार्च

रविवारी दुपारी दोघं बसलो. मुलीला आजीकडे पाठवलं. तीन वर्षांचे अहवाल काढले, मी वहीत लिहीत गेले आणि तो धंद्यातलं समजावत गेला.

नफा तिन्ही वर्षं वाढलाय. पण धंद्यातून हातात आलेली रोकड दोन वर्षं उणे आहे. विक्री जेवढी वाढली त्यापेक्षा येणं जास्त वेगाने वाढलंय, माल पडून आहे आणि बँकेचं कॅश क्रेडिट फुगलंय. पुरवठादारांची देणी वाढलीत, त्यात आमच्या शेठचे पण असणार. थोडक्यात नफा कागदावर आहे आणि रोजचा गाडा बँकेच्या आणि पुरवठादारांच्या पैशावर चाललाय. असा कर्जदार माझ्यासमोर मर्यादा वाढवून मागायला आला असता तर मी फाईल शंका लिहून परत पाठवली असती. प्रमोटरचे शेअर गहाण नाहीत, ते मात्र चांगलं.

यावर नवऱ्याचं म्हणणं त्यानेच लिहावं.

---

पॅनेलवाला | ९ मार्च

तिचे आकडे बरोबर आहेत, अर्थ अर्धाच बरोबर आहे. या धंद्यात सरकारी वीज कंपन्यांना माल दिला की १० टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून अडकते, टेस्टिंग आणि कमिशनिंग होईपर्यंत पैसे सुटत नाहीत. ऑर्डरी एकदम वाढल्या की आधी तांबं आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा सीआरजीओ पत्रा घ्यावा लागतो, त्याचे पैसे रोख. म्हणजे वाढणाऱ्या कंपनीची रोकड उणे दिसणारच. पतसंस्थेतला किराणा दुकानदार आणि ट्रान्सफॉर्मर कंपनी एका मापाने मोजू नका.

---

टपरीवरचा गणिती | १० मार्च

वा, हा धागा आता वाचण्यासारखा झालाय. दोघंही बरोबर असू शकता. वयाच्या कोष्टकात बघा, येणं सहा महिन्यांच्या आतलं जास्त असेल तर पॅनेलवाले म्हणतात तसं वाढीचं येणं आहे. वर्षाच्या वरचं फुगत असेल तर रानजाईंची शंका खरी.

---

रानजाई | १० मार्च

वर्षाच्या वरचं दुप्पट झालंय. तो गप्प आहे. (जेवला मात्र नीट.)

---

कडक_चहा | १० मार्च

वाचनखूण साठवली. बायकोला लिंक पाठवलीय, मी हरणार आहे असं दिसतंय.

---

पॅनेलवाला | १७ मार्च

आमचं ठरलं ते सांगतो. दीड लाख एफडीतच, अडीअडचणीला. एक लाख इंडेक्स फंडात माझ्या नावाने, पण पाच महिने २०-२० हजार करून. गणितात एकदम टाकणं बऱ्याचदा फायद्याचं निघतं हे मी पण वाचलंय, पण एकदम टाकून परत १० टक्के पडला तर आमच्या घरात काय होईल ते गणितात येत नाही. राहिलेले ५० हजार माझे, थेट शेअरसाठी, त्यात ती बोलणार नाही पण कॅश फ्लो तिने बघितल्याशिवाय मी घेणार नाही. सध्याच्या शेअरमधले एक तृतीयांश विकणार, बाकी मे महिन्यातला निकाल आणि कॅश फ्लो बघून. मला अजून वाटतं तो वर येईल.

लेखापाल काका, तोटा दाखवायचा असेल तर ३१ मार्चपर्यंत विकला तर चालेल ना?

---

लेखापाल | १७ मार्च

३१ ला सोमवारी रमजान ईदची सुट्टी आहे, बाजार बंद. शेवटचा दिवस शुक्रवार २८. आणि त्या दिवसावर पण ठेवू नका, स्मॉलकॅपला लोअर सर्किट, म्हणजे दिवसात भाव पडायची ठरलेली मर्यादा, लागलं तर घेणाराच नसतो, तुम्ही विकायला बसून राहाल.

---

रानजाई | ७ एप्रिल

धागा वर काढतेय. सकाळी उघडलं तेव्हा निफ्टी २१,७०० ला होता!! ट्रम्पतात्यांच्या टॅरिफने सगळ्या जगाचं वाटोळं. मार्चमध्ये जरा वर आला होता तर पाडव्याला आम्ही खूश होतो. कॅन्टीनमध्ये याला सगळे म्हणतायत सगळं विकून टाक. आणि हा म्हणतोय उरलेले हप्ते आजच एकदम टाकू. मला दोन्ही नको वाटतंय पण का ते सांगता येत नाहीये.

---

दादरचे काका | ७ एप्रिल

कारण तू एक वेळापत्रक ठरवलंस आणि ते ठरवलंस तेव्हा डोकं शांत होतं. आज सकाळी कोणाचंच नाही, माझंही नाही, मी पण दोनदा उघडून बघितलं.

---

बेरकी | ७ एप्रिल

मी कर्जात भरायला सांगितलं होतं. फक्त आठवण करून देतोय.

---

ओसाकाकर | ७ एप्रिल

इकडे पण आज आपटलंय. मी काही बोलत नाही.

---

पॅनेलवाला | ७ एप्रिल

ठीक आहे, २० चाच हप्ता जाईल, ठरल्या तारखेला. पण माझ्या ५० मधले १५ मी आज वापरले. एक मोठी कंपनी, निफ्टीतली, कर्ज नाही, रोकड दरवर्षी नफ्याच्या जवळपास येते. तिने शुक्रवारीच बघून ठेवली होती, तिच्या वहीत यादी आहे. म्हणजे हा आमचा दोघांचा शेअर झाला.

---

कडक_चहा | १६ एप्रिल

तात्यांनी टॅरिफ ९० दिवस पुढे ढकललं आणि निफ्टी परत २३ हजाराच्या वर. रानजाई, आता घ्यायचं का थांबायचं? तुमची वही काय म्हणते?

---

रानजाई | १६ एप्रिल

वहीत निफ्टीचं पान नाही. कंपन्यांचं आहे, आणि सात कंपन्यांपैकी पाचांवर मी फुली मारलीय. आमचा हप्ता ठरल्या तारखेला जातो, त्याच्या अलीकडे-पलीकडे मी अ‍ॅप उघडायचं बंद केलंय, नवऱ्याच्या मोबाईलवर मात्र अजून आहे.

---

पॅनेलवाला | १६ एप्रिल

लेखापाल काका, शेवटचा प्रश्न. मार्चमध्ये विकले त्यात तोटा झालाय, नफा कुठेच नाही. रिटर्नमध्ये दाखवायची गरज आहे का? आजवर मी सहज, म्हणजे आयटीआर-१, भरतो.

---

लेखापाल | १६ एप्रिल

दाखवायचाच, नाहीतर तोटा वाया जाईल. आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ भरा. वर्षाच्या आत विकलेल्याचा तोटा अल्प आणि दीर्घ दोन्ही नफ्यातून वजा होतो, पगारातून नाही. वजा करायला नफा नसेल तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच, आत्ता धरून चला ३१ जुलै. ब्रोकरकडून टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचा तक्ता) काढून ठेवा. एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर) खर्चात धरता येत नाही, ब्रोकरेज धरता येतं. आणि शेठना ४३बी(एच) चं सांगितलंत का?

---

पॅनेलवाला | १६ एप्रिल

सांगितलं. शेठनी त्यांना पत्र टाकलं, निम्मे पैसे मार्च अखेरच्या आत आले. शेठ मला विचारत होते तू हे कुठे शिकलास.